हिस्टोन : एका उपेक्षित प्रथिनाचा इतिहास

मनुष्याच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसतें. पक्ष्यांच्या रक्तपेशींत तें असतें. या भेदाचा लाभ घेऊन आल्ब्रेख्ट कोसेल या जर्मन शास्त्रज्ञानें १८८४ सालीं हंसाच्या रक्तांतून एक नवें प्रथिन वेगळें काढलें व त्यास 'हिस्टोन' हें नांव दिलें. १९१० सालीं कोसेल यास नोबेल पारितोषिक मिळालें. हिस्टोनच्या वांट्यास मात्र उपेक्षाच आली.

मानवी पेशींतील डी. एन. ए. चा धागा ताणून मांडिला तर तो सुमारें दोन मीटर भरेल. आणि हें सारें ज्या केंद्रकांत मावतें तें मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनहि लहान! तेव्हां हा धागा गुंडाळावयाचें रीळ, एवढेंच हिस्टोनचें काम, असें बहुतेकांनीं धरून ठेविलें. रिळानें सुताच्या कारभारांत लक्ष घालावें, ही अपेक्षा तरी कोण करणार?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंतील व्हिन्सेंट ऑलफ्री यानें ती केली. हिस्टोनमधील लायसिन या अमिनो आम्लावर धन विद्युद्भार असतो, डी. एन. ए. वर ऋण, म्हणून दोहोंची पकड घट्ट बसते. लायसिनला ॲसेटिल गट चिकटला कीं तो धन भार नाहींसा होतो, पकड सैलावते व जनुक वाचण्यास मोकळें होतें. हिस्टोनवरील अशा बदलांचा जनुकांच्या नियमनाशीं संबंध असावा, असें ऑलफ्री व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९६४ सालीं मांडलें. पुरावा आशादायक होता. परंतु हा गट चिकटविणारें विकर हातीं येईना. तें १९९६ सालीं डेव्हिड ॲलिस याच्या प्रयोगशाळेस एका एकपेशीय जीवांत सांपडलें, आणि यीस्टमधील जनुकें जागीं करणाऱ्या एका परिचित प्रथिनाचेंच तें भावंड निघालें. बत्तीस वर्षें! ऑलफ्री तो दिवस पाहण्यास हयात होता, हें त्यांतल्या त्यांत बरें.

रोगाशीं असलेलें नातें याहून गंभीर आहे. ॲसेटिल गट काढून टाकणाऱ्या विकरास रोखणारें व्होरिनोस्टॅट हें औषध त्वचेंतील एका कर्करोगावर अमेरिकेंत २००६ सालीं मान्य झालें. पुढें २०१२ सालीं लहान मुलांच्या मस्तिष्कस्तंभांतील अर्बुदें तपासतां, बहुसंख्य अर्बुदांत हिस्टोन-३ च्या सत्ताविसाव्या जागीं लायसिनऐवजीं मेथिओनिन बसलेलें आढळलें. हें हिस्टोन घडविणारीं जनुकें दहाहून अधिक. त्यांपैकीं एकाच जनुकाची एक प्रत बिघडते. पण तें सदोष प्रथिन जनुकें मिटविणाऱ्या विकराची वाट अडवितें, आणि मिटलेलीं राहावयाचीं जनुकें केंद्रकभर उघडीं पडतात.