मानेमागचा लोखंडी आधार
१८५४ साली पॅरिसच्या दिस्देरीने छोट्या छबीचं पेटंट घेतलं. एकाच काचेवर अनेक फोटो टिपायचे, मग कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचे. फोटो स्वस्त झाला. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली; डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथले त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार.

तेव्हा फोटो टिपायला वेळ लागे, तेवढ्यात मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. कित्येक जुन्या फोटोंत त्याचा पाया बुटांमागे अजून डोकावतो.

उजेड स्टुडिओच्या काचेच्या छतातून, शक्यतो उत्तरेकडून घेत. आज ऑफिसातली मंडळी मोबाइलसमोर खिडकीशी उभी राहतात, तीही त्याच मऊ उजेडासाठी. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसने पोर्ट्रेट मोड आणला, मागची कपाटं धूसर झाली. पण चेहरा उजळतो तो खिडकीमुळेच.