नळदुर्ग : पाणी आणि पाषाण

सोलापुराहून पूर्वेस सुमारें ४५ किलोमीटरांवर नळदुर्ग आहे. सभोंवार सपाट रानें, आणि मध्येंच बोरी नदीच्या वळणांत काळ्या फत्तराचा उभा कडा! तटही त्याच दगडाचा. निसर्ग कोठें संपला हें चटकन उमगत नाहीं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानें नळदुर्ग व रणमंडळ जोडणारा बंधारा येथें घातला. त्याच्या पोटांत पाणीमहाल आहे; डोक्यावरून पूर कोसळत असतां आंतला माणूस कोरडा उभा राहतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबादेकडे निघालेल्या भारतीय फौजेनें बोरीवरील पूल शाबूत हस्तगत केला, तोही इथलाच. वर्गांत मीं आदिलशाहीच्या लढाया वर्षानुवर्षें शिकविल्या; या बंधाऱ्याविषयीं मात्र मुलांना एक वाक्यही सांगितलें नव्हतें. त्या दिवशीं महालांत उभा असतां तेंच मनाला टोंचत राहिलें.