मोर्सची अट आणि घरी बांधलेला ट्रान्समीटर

अमेरिकेत हौशी रेडिओचालकांना परवाना सक्तीचा झाला तो १९१२ च्या रेडिओ कायद्याने. या कायद्याने त्यांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकलले. त्या लहरी तेव्हा निरुपयोगी समजल्या जात. नोव्हेंबर १९२३ मध्ये कनेक्टिकटमधील फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधील नीस येथील लेऑं देलॉय यांनी सुमारे ११० मीटरवर अटलांटिकपार दुतर्फा संपर्क साधला आणि तो समज मोडीत काढला.

परवान्यासाठी मोर्स संकेतांची परीक्षा द्यावी लागे. तिच्यामागे सुरक्षेचे कारण होते. जहाजांची संकटवार्ता मोर्समध्येच येई, आणि ती ओळखून हौशी चालकाने आपला संच ताबडतोब बंद करणे गरजेचे होते. दुसरे कारण कायद्यात लिहिलेले नसले तरी तितकेच खरे आहे: मोर्सचा ट्रान्समीटर घरी बांधता येतो. आवाज पाठवायचा तर मॉड्युलेटर लागतो आणि खर्च वाढतो. मोर्सला एक ऑसिलेटर, वीजपुरवठा आणि की एवढे पुरते.

१९५१ मध्ये परवान्यांची नवी उतरंड ठरली. नॉव्हिस आणि टेक्निशियनला मिनिटाला ५ शब्द, जनरलला १३, एक्स्ट्राला २०. पाच अक्षरांचा एक शब्द धरत. १३ शब्दांच्या परीक्षेत पाच मिनिटांच्या मजकुरातून सलग एक मिनिट, म्हणजे ६५ अक्षरे, बिनचूक उतरवावी लागत. अनेकांचे घोडे इथेच अडे.

नॉव्हिसचा परवाना एका वर्षाचा असे आणि त्याचे नूतनीकरण होत नसे. तेवढ्या मुदतीत वेग वाढवून जनरल गाठायचा. शक्तीची मर्यादा ७५ वॉट, आणि वारंवारता क्वार्ट्‌झच्या क्रिस्टलने बांधलेली. या अटी शाळकरी मुलांच्या पथ्यावरच पडल्या. ६एल६ किंवा ८०७ जातीचा एक व्हॉल्व्ह, टाकून दिलेल्या टीव्हीतला ट्रान्सफॉर्मर आणि ॲल्युमिनियमची चासी एवढ्यात काम भागे. युद्धानंतर लष्कराचे क्रिस्टल स्वस्तात विकले जात. हवी ती वारंवारता नसली तर डबी उघडून क्वार्ट्‌झची चकती काचेवर बारीक घासपूड आणि पाणी घेऊन घासायची. चकती पातळ झाली की वारंवारता चढते. जास्त घासली गेली तर पेन्सिलीचे शिसे चोळून ती किंचित उतरवता येई. तंत्राचे इतके प्रत्यक्ष शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळाले नसते.

पुढे आवाज पाठवण्यासाठी सिंगल साइडबँड पद्धत रुळली. तिचे संच घरी बांधणे अवघड होते. म्हणून आधी हीथकिटचे जुळणी-संच आणि नंतर जपानी तयार संच घरोघर आले. १९६८ पासून काही पट्टे वरच्या वर्गांसाठी राखून ठेवल्याने मोर्सचा वेग वाढवण्याची गरज टिकली, पण बांधणीशी तिची सांगड सुटत गेली. १९९१ मध्ये टेक्निशियनला मोर्सशिवाय परवाना मिळू लागला, मात्र ३० मेगाहर्ट्‌झच्या वरच्या पट्ट्यांपुरता. त्याखाली मोर्सची अट आंतरराष्ट्रीय नियमांचीच होती. २००० मध्ये मोर्स लागणाऱ्या सर्व वर्गांचा वेग ५ शब्दांवर आला. २००३ मध्ये जिनिव्हात भरलेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेने अट प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडली आणि २३ फेब्रुवारी २००७ रोजी अमेरिकेने ती पूर्ण काढली. परीक्षा गेली तरी अल्पशक्तीचे संच स्वतः बांधणारे आजही बहुधा मोर्सनेच सुरुवात करतात, कारण मोर्सचे सर्किट आजही सर्वांत सोपे आहे.