द कार्डटर्नर

अमेरिकन लेखक लुई सॅकर यांची २०१० साली प्रसिद्ध झालेली, कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली इंग्रजी कादंबरी. प्रकाशक डेलाकोर्ट प्रेस. एका राजाची, एका राणीची आणि एका जोकरची गोष्ट, अशा आशयाचे उपशीर्षक तिला आहे. पत्त्यांच्या टेबलावर माणसे जोडली जाणे आणि त्यातलेच एक माणूस मरण पावल्यावर मागे राहिलेल्या मुलाने तोच डाव पुढे खेळत राहणे, हा कादंबरीचा गाभा. खेळ आहे ब्रिज.

त्या काळात अमेरिकन किशोरांवर गारूड होते ते पोकरचे. २००३ मध्ये टेनेसी राज्यातला ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकून गेला. त्यानंतर पोकरला उधाण आले आणि पुस्तकांतही ते उतरले. पीट हॉटमन यांची ‘ऑल-इन’ आणि एरिक लुपर यांची ‘बिग स्लिक’ या दोन्ही कादंबऱ्या २००७ च्या, आणि दोन्हींतले नायक पोकरच्या नादी लागलेली मुले. अशा हवेत सॅकर यांनी म्हाताऱ्यांचा समजला जाणारा ब्रिज निवडला. घरच्यांनी आणि प्रकाशन व्यवसायातल्या मंडळींनी त्यांना परावृत्त करून पाहिले, असे त्यांनीच पुस्तकाच्या सुरुवातीला सांगितले आहे. ते मात्र बधले नाहीत. ते स्वतः ब्रिज मनापासून खेळतात आणि हे प्रेम पानोपानी दिसते.

ही निवड कथेच्या दृष्टीनेही अचूक आहे. पोकरमध्ये टेबलावरचा प्रत्येक जण एकटा असतो. पाने आपली, पैसा आपला, थापही आपलीच. ब्रिजमध्ये समोर भिडू असतो. त्याच्याशी बोलायला बंदी. बोलीच्या ठरावीक भाषेतून आणि टाकलेल्या पानातून जे कळेल तेवढेच कळणार. वर्षानुवर्षे एकत्र खेळलेल्या जोडीत या न बोलण्यातून जी जवळीक तयार होते, ती इतर खेळांत क्वचितच सापडेल. म्हणून ब्रिजमध्ये भिडू गमावणे हे खरोखरचे गमावणे असते, आणि सॅकर यांनी नेमके तेच हेरले आहे.

निवेदक ॲल्टन रिचर्ड्स सतरा वर्षांचा. त्याच्या मैत्रिणीने त्याला सोडले आहे आणि ती आता त्याच्याच जिवलग मित्राबरोबर हिंडते. घरात पैशाची ओढाताण आहे. त्याच्या आईचे मामा लेस्टर ट्रॅप हे श्रीमंत, एकटे आणि आजारी. मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली आहे. मामांचे मृत्युपत्र आईच्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून ट्रॅप यांना ब्रिज क्लबमध्ये नेण्या-आणण्याचे आणि त्यांची पाने हाताळण्याचे काम ॲल्टनच्या गळ्यात पडते. हे काम करणारा तो कार्डटर्नर.

कादंबरीतले सर्वांत जिवंत प्रसंग याच कामाचे आहेत. डाव सुरू होण्याआधी ॲल्टन आजोबांना कोणी ऐकणार नाही अशा ठिकाणी बाजूला नेतो आणि इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असे रंगवार त्यांना तेरा पाने एकदा सांगतो. एकदाच. मग टेबलावर ट्रॅप नुसते पानाचे नाव उच्चारतात आणि मुलगा ते पान खाली ठेवतो. बावन्न पानांतून तेरा पानांचे ६३,५०१ कोटींहून अधिक वेगवेगळे संच पडू शकतात. अंध म्हातारा स्वतःची पाने आणि बाकी तिघांनी टाकलेली पाने डोक्यात मांडून खेळतो. ॲल्टनच्या आधी हे काम टोनी कास्टानेडा करायची. तिने एकदा पान टाकण्यापूर्वी ‘नक्की का?’ असे विचारले आणि काम गमावले. एवढ्याशा प्रश्नाने इतका कहर का, हे ब्रिज खेळणाऱ्याला लगेच उमगते: या खेळात आवाजाचा चढउतार किंवा क्षणभराचा अडखळाही टेबलावरच्या इतरांना हातातल्या पानांचा सुगावा देतो. ॲल्टनला खेळातले ओ की ठो कळत नव्हते, म्हणून तो पसंत पडला. पण ऐकता ऐकता, पाहता पाहता तो शिकत जातो आणि आजोबांवर जीव लावून बसतो.

इथे चित्रित झालेला प्रकार ‘डुप्लिकेट ब्रिज’ हा आहे. चार खणांच्या पाटीत पाने जशीच्या तशी ठेवून ती टेबलाटेबलावर फिरवतात, त्यामुळे सगळ्या जोड्या तेच डाव खेळतात आणि नशिबाचा वाटा खूपच कमी होतो. खेळाची ही माहिती सॅकर लपवत नाहीत आणि लादतही नाहीत. ब्रिजचा तपशील दाट होऊ लागला की छोट्या देवमाशाचे चित्र येते; कंटाळा आला तर तेवढा भाग सोडून शेवटचा थोडक्यात दिलेला सारांश वाचा, अशी ती खूण. हर्मन मेलव्हिल यांच्या ‘मोबी डिक’मधल्या देवमाशांविषयीच्या लांबलचक वर्णनांनी ॲल्टन शाळेत बेजार झाला होता, त्याची ही आठवण. ही तोड फार समंजस आहे. मात्र देवमासा दिसताच पुढे जाणारा वाचक पुस्तकातला बराचसा आनंद हातचा घालवतो.

ट्रॅप यांची एके काळची भिडू म्हणजे टोनीची आजी ॲनाबेल. तिचा नवरा राजकारणात वर चढू पाहणारा सत्तापिपासू माणूस. त्याने तिला मनोरुग्णालयात डांबले आणि ती तिथून जिवंत परतली नाही. ट्रॅप यांच्या मनात ती सल अखेरपर्यंत राहते. राष्ट्रीय स्पर्धेला जाण्याची तयारी चालू असतानाच ते वारतात. त्यानंतर ॲल्टनला त्यांचा आवाज ऐकू येऊ लागतो, पानांची नावे घेणारा. टोनीला आजीचा आवाज आधीपासूनच येत असतो आणि त्यापायी लोकांनी तिला वेडी ठरवलेले असते. दोघे मिळून ट्रॅप आणि ॲनाबेल यांच्या नावाने शिकागोच्या स्पर्धेत उतरतात. शोकाचे इतके कृतिशील चित्र किशोरसाहित्यात दुर्मीळ आहे: ॲल्टन रडत बसत नाही, तो गेलेल्या माणसासाठी पाने टाकतो. हे आवाज खरे की मनाचे, याची उकल विचारांचे आणि जाणिवेचे अस्तित्व मेंदूबाहेरही असू शकते का, या ट्रॅप यांच्या जुन्या चिंतनाशी जोडलेली आहे.

उत्तर अमेरिकेच्या या राष्ट्रीय स्पर्धा वर्षातून तीनदा भरतात आणि जगभरचे खेळाडू तिथे येतात. मुंबईचे जग्गी शिवदासानी १९८७ मध्ये तिथली ‘स्पिंगोल्ड’ स्पर्धा जिंकणाऱ्या संघात होते. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

सॅकर यांचे नाव झाले ते ‘होल्स’ (१९९८) या कादंबरीमुळे. तिला नॅशनल बुक अवॉर्ड आणि १९९९ चे न्यूबेरी पदक मिळाले, २००३ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. ‘द कार्डटर्नर’ला तेवढी प्रसिद्धी लाभली नाही. ‘होल्स’मधले धागे जसे घट्ट विणलेले आहेत तशी वीण इथे नाही, आणि ॲनाबेलची कहाणी बरीचशी इतरांच्या तोंडून ऐकायला मिळते. ती स्वतः टेबलाशी बसलेली आणखी दिसायला हवी होती, कारण पुस्तकातली सर्वांत मोठी हानी तिच्याच वाट्याला आलेली आहे.