शाळेतला टेलिव्हिजन आणि रॉथशिल्डांचा पैसा

निवडुंगाच्या रूपातला किश्कश्ता आणि 'परपर नेहमाद' हे कार्यक्रम आपल्यापैकी बहुतेकांच्या मुलांनी पाहिले आहेत. ते दाखवणारे शैक्षणिक टेलिव्हिजन मुळात सरकारने सुरू केले नव्हते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. एका कुटुंबाच्या देणगीतून केलेला तो प्रयोग होता.

या कुटुंबाने त्याआधीही एक मोठा प्रयोग केला होता. १८८२ नंतर बॅरन एडमंड द रॉथशिल्ड यांनी रिशोन लेत्सियोन, झिखरोन याकोव्ह, रोश पिना या वसाहतींना आधार दिला. पैशाला तोटा नव्हता. पण कोणते पीक घ्यायचे, कोणाला किती भत्ता द्यायचा, हे सारे बॅरनचे कारभारी ठरवीत. १८८७ मध्ये रिशोनच्या शेतकऱ्यांनी या कारभाऱ्यांविरुद्ध बंड केले. दारूच्या बाटल्यांसाठी तंतुरा येथे काचेचा कारखाना काढला, तर तिथली वाळूच उपयोगाची निघाली नाही! मेईर दिझेनगॉफ हे त्याचे व्यवस्थापक होते. अखेर १९०० मध्ये बॅरनने वसाहतींचा कारभार दुसऱ्या ज्यू संस्थेकडे, म्हणजे 'इका'कडे सोपवला. वसाहती टिकल्या हे खरे. पण अठरा वर्षे दात्याच्या माणसाला विचारल्याशिवाय पान हलत नव्हते. अशाने माणूस मिंधा होतो.

बॅरनचे पुत्र जेम्स १९५७ मध्ये वारले. क्नेसेतच्या नव्या इमारतीसाठी त्यांनी दिलेली देणगी प्रसिद्धच आहे. त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी पुढे 'हनादीव' निधीचे काम चालवले. हनादीव म्हणजे दानशूर, बॅरनचेच टोपणनाव. या निधीने सरकारपुढे प्रस्ताव मांडला, की शाळांसाठी टेलिव्हिजन करून पाहू.

त्या काळी देशात टेलिव्हिजन केंद्र नव्हते. बेन गुरियन यांचा टेलिव्हिजनलाच विरोध होता. शाळेच्या निमित्ताने करमणुकीचा टेलिव्हिजन मागल्या दाराने घरात शिरेल, अशी अनेकांना धास्ती होती. (ती खोटी ठरली असे कोण म्हणेल?) दुसरीकडे, दूरच्या नव्या गावांमध्ये इंग्रजी आणि विज्ञान नीट शिकवणारे शिक्षक मिळणे कठीण होते. आपली कितीतरी कुटुंबे दिमोना, बेर शेवा येथे राहिली. त्यांना हे सांगायला नको.

शेवटी परवानगी मिळाली. रमत अवीव येथे स्टुडिओ उभा राहिला आणि २४ मार्च १९६६ रोजी ३२ शाळांमध्ये पहिले पाठ दिसले. गणित, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे सुरुवातीचे विषय. आपल्या मुंबईत दूरदर्शन केंद्र निघाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याआधी अलियाह केलेल्या आपल्या अनेक मंडळींनी टेलिव्हिजन पहिल्यांदा इथेच पाहिला असेल.

शिक्षिका या नात्याने मला यातली एक गोष्ट फार पटते. पडद्यावरचा पाठ थोडाच वेळ चाले. आधीची तयारी आणि नंतरचे प्रश्न वर्गातल्या शिक्षकाकडेच राहत. यंत्र आले म्हणून गुरुजींना कोणी घरी बसवले नाही.

परदेशातल्या एका श्रीमंत घराण्याने आमच्या वर्गात काय दिसावे हे का ठरवावे, हा प्रश्न रास्तच होता. माझ्या मते त्याचे उत्तर १९६९ मध्ये मिळाले. त्या वर्षी निधीने चालू स्थितीतली संस्था सरकारच्या हाती दिली आणि आपण बाजूला झाला. बॅरनला वसाहतींतून हात काढायला अठरा वर्षे लागली होती. इथे पहिल्या पाठापासून तीनच.

निधी मग पुढच्या कामाकडे वळला. १९७१ मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्र म्हणजे 'मताह', १९७४ मध्ये मुक्त विद्यापीठ. बगरूत नसलेल्यालाही तिथे पदवीचा अभ्यास करता येतो. दिवसा नोकरी करून रात्री शिकणाऱ्यांसाठी ते दार फार मोठे होते.

शैक्षणिक टेलिव्हिजन सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये बंद केले. मुलांचे कार्यक्रम आता 'कान'कडे आहेत.