मूल शाळेत नसताना त्याच्या लक्षाची जबाबदारी कोणाची? शिकागोची रेडिओ-शाळा, १९३७

१/१२
जुलै २०२०. माझी आई प्राथमिक शिक्षिका. स्वयंपाकघरातील टेबलावर मोबाइल टेकवून ती दुसरीचा वर्ग घेत असे. तास संपला की पालकांचे फोन सुरू होत. तक्रार एकच: ‘बाई, तो समोर बसतो, पण लक्षच देत नाही. तुम्हीच काहीतरी करा.’ आईचे उत्तरही ठरलेले: ‘तुम्ही थोडा वेळ त्याच्याजवळ बसा ना.’ दोन्ही बाजू वैतागलेल्या. या वादाला एक जुना पूर्वज आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/१२
ऑगस्ट १९३७, अमेरिकेतील शिकागो शहर. पोलिओची साथ पसरत होती. लस उपलब्ध होण्यास अजून जवळजवळ १८ वर्षे होती. आजाराचा घाला मुख्यतः मुलांवर पडे, त्यामुळे मुलांना एकत्र येऊ न देणे हाच त्यातल्या त्यात उपाय उरला होता. सप्टेंबरच्या आरंभी उघडणाऱ्या शाळा बंदच ठेवण्याचा निर्णय झाला.

३/१२
शहराचे शाळा अधीक्षक विल्यम जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी योजना आखली. तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून अधिक मुलांना रेडिओवरून शिकवायचे! सहा रेडिओ केंद्रांनी त्यासाठी प्रसारणाचा वेळ विनामूल्य दिला. १३ सप्टेंबरला धडे सुरू झाले. प्रत्येक धडा केवळ १५ मिनिटांचा.

४/१२
वेळापत्रक काटेकोर होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार: सामाजिक शास्त्रे आणि विज्ञान. मंगळवार, गुरुवार, शनिवार: इंग्रजी आणि गणित. शहरातील वर्तमानपत्रे दररोज सकाळी त्या दिवसाचे धडे, सूचना आणि प्रश्न छापत. मुलांनी वर्तमानपत्र समोर ठेवायचे, रेडिओ ऐकायचा आणि उत्तरे लिहायची. एका अर्थाने हे दप्तर, फळा आणि शिक्षक यांचे तीन ठिकाणी विभाजन होते.

५/१२
योजनाकारांना एका गोष्टीची जाणीव होती. त्या काळातील मुलांसाठी रेडिओ म्हणजे साहसकथा, विनोद आणि संगीत. ज्या पेटीतून संध्याकाळी करमणूक येते, तिच्यातूनच सकाळी गणित आले तर मूल ऐकेल का? म्हणून धडे रंजक ठेवण्याकडे कटाक्ष होता. प्रत्येक प्रसारण मुख्याध्यापक ऐकत आणि काय साधले, काय फसले ते कळवत.

६/१२
मुलांच्या आणि पालकांच्या शंकांसाठी दूरध्वनीवर १६ शिक्षक बसवले होते. पहिल्याच दिवशी हजाराहून अधिक फोन आले. आणखी ५ शिक्षक नेमावे लागले. हा आकडा बोलका आहे. धडा प्रसारित होणे आणि तो घरात पोहोचणे यांत अंतर आहे, हे पहिल्या दिवशीच उघड झाले.

७/१२
अडचणी ओळखीच्या वाटतील. काही मुलांना धड्याची गती झेपत नव्हती. काहींचे चित्त विचलित होई. मध्येच हात वर करून प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. मंदीच्या त्या काळात प्रत्येक घरी रेडिओही नव्हता. नेहमीपेक्षा पालकांना मुलांजवळ कितीतरी अधिक बसावे लागले.

८/१२
येथे वादाचे मूळ सापडते. वर्गात मुलाचे लक्ष टिकवणारी एक अदृश्य यंत्रणा असते: घंटा, बाक, शेजारी बसलेला मित्र, आणि समोरच्याचा चेहरा पाहून वाक्य अर्ध्यावर थांबवणारे शिक्षक. शाळा बंद होताच ही यंत्रणा नाहीशी झाली. तिचे काम मात्र उरलेच, आणि ते न सांगता घराकडे आले, बहुधा आईकडे.

९/१२
शिक्षकांना धडा ठाऊक होता, पण मूल दिसत नव्हते. पालकांना मूल दिसत होते, पण धड्याची आखणी ठाऊक नव्हती. दोघांकडे अर्धा पुरावा होता आणि दोघेही त्यावरून पूर्ण निष्कर्ष काढत होते. मुलाचे चित्त उडाले की ‘शिकवणेच नीरस आहे’ किंवा ‘घरी शिस्तच नाही’ असे दोनच निवाडे हाती उरतात.

१०/१२
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक सावधगिरी. या प्रयोगाची माहिती आपल्याला मुख्यतः प्रशासन आणि वर्तमानपत्रे यांच्याकडून मिळते. वर्तमानपत्रे तर स्वतःच त्यात भागीदार होती. त्यामुळे कौतुकाचा सूर तपासून घ्यावा. शिवाय प्रयोग तीन आठवडेही चालला नाही. सप्टेंबरअखेरीस शाळा उघडल्या. नावीन्य ओसरल्यावर मुलांचे लक्ष किती टिकले असते, याची कसोटी लागलीच नाही.

११/१२
ती कसोटी आपल्या पिढीने पाहिली. महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडू लागले. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. त्याच महिन्यात केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना आल्या: पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची फार तर दोन सत्रे. मुलाचे लक्ष मर्यादित असते, हे शिकागोने १५ मिनिटांच्या धड्यातून जणू आधीच मान्य केले होते.

१२/१२
शिकागोच्या प्रयोगातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट रेडिओ नव्हे, दूरध्वनी आहे. दोन अर्धे पुरावे तेथेच एकत्र येत होते. २०२० च्या दिवाळीनंतर आईने तासाची दहा मिनिटे कमी केली आणि त्या वेळात रोज दोन घरी स्वतः फोन करू लागली. ‘लक्ष का देत नाही?’ हा प्रश्न तिने सोडून दिला. ती विचारी, ‘आज तो कुठे बसला होता? शेजारी कोण होते?’ एका घरातून उत्तर आले, ‘बाई, एकच खोली आहे. त्याच्या मागेच धाकटी रडत होती.’ त्या दिवसापासून त्या मुलाचा तास आई संध्याकाळी, धाकटी झोपल्यावर, फोनवर घेऊ लागली.

तुमच्या घरी तेव्हा हा वाद कसा झाला होता? खाली जरूर लिहा. उद्याच्या इतिहासाला ती साधनेच आहेत.