चौदात बसेना तो पंधरावा

केरी पॅकर म्हटलं की आपल्याला १९७७ची वर्ल्ड सिरीज आठवते. हाच गडी १९९५ मध्ये प्रस्थापितांच्या बाजूने लढत होता हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं! खेळ मात्र क्रिकेट नाही, रग्बी लीग. समोर रूपर्ट मर्डॉक. भांडण अर्थात टीव्हीच्या हक्कांचं. १९९७ साली ऑस्ट्रेलियात चक्क दोन स्पर्धा झाल्या, एक १२ संघांची, दुसरी १० ची.

मग तह झाला. १९९८ ला २० संघांची एकच एनआरएल, आणि २००० पर्यंत १४ च ठेवायचे. आमच्याकडे मर्जरनंतर एक्सेल शीट फिरते, तसंच. काही क्लब एकमेकांत विलीन झाले. साउथ सिडनी नाही म्हणाला. १९०८ चा संस्थापक क्लब, २० अजिंक्यपदं, तरी बाहेर.

खटकतं ते पुढे. निम्मी एनआरएल मर्डॉकच्या कंपनीची, आणि ब्रिस्बेन, मेलबर्नसारखे क्लबही तिच्याच पैशांवर. परीक्षक तोच आणि पोरगंही त्याचंच वर्गात!

लोक हजारोंनी सिडनीच्या रस्त्यावर उतरले. २००१ मध्ये क्लब अपिलात जिंकला, २००२ ला परत खेळला. गंमत म्हणजे २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला, पण तोवर संघ मैदानात होता, कोणी काढलं नाही. कंपनी बाजूला होऊन स्वतंत्र आयोग यायला मात्र २०१२ उजाडलं.

२०१४ ला साउथ सिडनी ४३ वर्षांनी जिंकला. ती फायनल मी काल रात्री दोनपर्यंत बघत बसलो..